कौलाची पाकळी

बाबांच्या डोक्याचं ऑपरेशन करावं की नको, देवाला विचारायला आईने गुरुदासला पेडण्याच्या देवळात पिटाळलं होतं. गुरवाने मूर्तीच्या खांद्यांना ओल्या पाकळ्या चिकटवल्या. उजवी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. डावी पडली. तीच खिशात घालून तो इस्पितळात पोचला. डॉक्टरीणबाई संमतीपत्र पुढे करत म्हणाल्या, “मोठी शीर तुंबलीय, पण केसाहून बारीक शिरांत रक्त अजून फिरतंय; एमआरआयने मोजलंय. आत्ता ऑपरेशन केलं तर वाचतील.” “देवान काय सांगल्यान?” आईने विचारलं. “उजवो दिल्यान,” गुरुदास बोलून गेला. “हाड ती पाकळी,” आईने हात पुढे केला. पाकळीवर बाजू थोडीच दिसते! त्याने दिली. आईने बाबांच्या कपाळावर ठेवली. अर्धांगवायूने मान कललेली. पाकळी घसरून डावीकडे पडली. आईने गुरुदासकडे पाहिलं. मग पाकळी उचलून कपाळावर अंगठ्याने दाबून धरली आणि घाई करत म्हणाली, “बेगीन सही कर.”