फाटकावरचं छप्पर

“इथे नको. तिकडे ओकच्या झाडाखाली घेऊ फोटो,” कुमार पुन्हा म्हणाले.

“पण व्हाय, बाबा?” नऊवारी सावरत अनया वैतागली. लग्न लागून जेमतेम तास झाला होता, आणि वधूपिता कॅमेऱ्यापुढे हात पसरून उभे.

जागा खरं तर झकास होती. न्यू जर्सीतलं हे लहानसं चर्च इंग्लंडमधल्या खेड्यातल्या जुन्या चर्चबरहुकूम बांधलेलं. ठेंगणा चौकोनी मनोरा, जाड दगडी भिंती, टोकदार कमानींच्या खिडक्या. आणि अंगणाच्या फाटकावर लाकडी खांबांनी पेललेलं उतरतं छप्पर. जावयाचे वडील मोरेश्वर इंजिनिअर होते. हयातीत त्यांनी मनोऱ्याच्या दुरुस्तीला हौसेने मदत केली होती, म्हणून तर हे अंगण लग्नाला मिळालं.

कुमार स्वतः निवृत्त आर्किटेक्ट. असं छप्पर कशासाठी असतं ते त्यांना पक्कं ठाऊक होतं. जुन्या काळी पाद्री येईपर्यंत शवपेटी त्याखाली टेकवत. लेकीच्या संसाराचा पहिला फोटो तिथे? छे! पण सांगायचं कुणाला? विहीणबाईंच्या कानावर गेलं तर त्यांच्या जिवाला घोर लागायचा आणि समारंभावर विरजण पडायचं. बिचारे एकटेच किल्ला लढवत होते.

“एकच फोटो, कुमारराव,” विहीणबाई वैदेहीताई म्हणाल्या. सकाळपासून त्यांचा हाच हट्ट.

“अहो, लाइट बरोबर नाही. आणि वर गांधीलमाश्या आहेत.”

जावई सत्यजितने मान वर केली. “काका, मला तर एकही दिसत नाही.”

“चावल्यावर दिसतील!”

सगळे हसले, अनया सोडून. वैदेहीताईंनी निमूट मान डोलावली. मंडळी ओककडे निघाली आणि कुमारांचा जीव भांड्यात पडला.

मागे वळून पाहतात तर वैदेहीताई छपराखाली एकट्याच उभ्या. उगाच दुखावलं बाईंना. कुमार परत फिरले.

“ताई, रागावू नका. खरं सांगू का, या जागेचं असं आहे की…”

“माहीत आहे मला.” त्यांनी खांबावर हात टेकला. “मुद्दामच बोलले नाही. म्हटलं, शुभकार्यात तुम्हाला आवडायचं नाही.”

कुमारही छपराखाली आले.

“मनोऱ्याच्या कामाची आठवण ठेवून चर्चच्या लोकांनी ह्यांना शेवटचं इथेच आणून ठेवलं होतं. वाटलं, ह्यांना सून दाखवावी.”