छातीचा पट्टा

टॅब पुन्हा कोकलायला लागला. एकशे अठ्ठेचाळीस. तृप्तीने कपाळाला हात लावला. इंदिरानगरहून धरणावर धडपडत यायचं ते हेच ऐकायला.

खाली पाण्यात झिपरू पाणी उपसायच्या जॅकवेलच्या जाळीत अडकलेली जलपर्णी काढत होता. पाणबुड्याच्या छातीला पट्टा बांधायचा, ठोके टॅबवर बघायचे, एकशे तीसच्या पुढे गेले की त्याला बाहेर काढायचं, असा नियम. मागच्या आठवड्यात झिपरूचे दोनदा गेले होते. आज तिसऱ्यांदा गेले तर काम कायमचं बंद, हे तिने त्याला दहा वेळा बजावलं होतं. पण ऐकतंय कोण.

"वर बोलवा त्यांना," ती म्हणाली.

काठावर दोर धरून बसलेल्या त्याच्या बायकोने, झुंबरने, दोराला तीन हिसके दिले. एक मिनिट गेलं. आकडा एकशे साठ झाला. मग झिपरूचं डोकं पाण्यावर आलं आणि आकडा झरझर उतरला. शंभर. ब्याण्णव.

झिपरूने वर येऊन मास्क काढला. त्याला साधी धापही लागली नव्हती.

"आता काय झालं मॅडम? दोन हात जाळी राहिली व्हती."

"एकशे साठ झाले, झिपरूभाऊ. आता माझ्या हातात काही नाही."

"शक्यच नाय," तो म्हणाला आणि एकदम गप्प झाला.

तृप्तीला शंका आली. "सूटची चेन उघडा."

छातीवर पट्टा नव्हता. झिपरूने बायकोकडे पाहिलं. झुंबरने पदर सावरला, तरी पोलक्याच्या कडेला हिरवा दिवा लुकलुकताना दिसलाच.

"तुम्ही दोघं मला वेड लावणार आहात," तृप्ती म्हणाली. "खाली तुम्हाला काही झालं असतं तर मला कळलं तरी असतं का?"

"काम गेलं तर काय करू, मॅडम? पाण्याबाहेर मला काय येतं?" मग तो बायकोवरच वैतागला. "आणि तू गं? तुला काय, काठावर नुसतं बसायचं व्हतं."

झुंबर ओला दोर गुंडाळत होती. तिने वर पाहिलं नाही.

"एकोणीस वर्सं बसतेय," ती म्हणाली. "नुसती कवा बसले?"

झिपरूने राहिलेल्या जाळीकडे बघत मास्क पुन्हा हातात घेतला.

टॅबवरचा आकडा ब्याण्णववरून एकशे दहावर गेला.