हरणीचा पहिला नंबर

“तुमच्या वडिलांना रिंगजवळ थांबू देऊ नका,” समृद्धी म्हणाली. “ते दिसले की ही तिकडंच ओढ घेईल.”

विनोदनं मान हलवली. दौंडच्या मैदानावर कुत्र्यांच्या शोसाठी मांडव होता, चुन्यानं रिंग आखली होती. लोकांची कुत्री तिथं फिरवून दाखवणं हा समृद्धीचा धंदा. त्यासाठी ती पुण्याहून आली होती. आठ हजार रुपये, नंबर आला तर वर पाच. विनोदला ते जड वाटले नव्हते. हरणीसारख्या कारवानी जातीच्या कुत्रीचा पहिला नंबर आला की तिची पिल्लं काय भावानं जातात, हे त्याला शिरूरमध्ये चांगलं कळलं होतं.

“काल दुपारपासून काही दिलं नाही ना?” तिनं हळूच विचारलं.

“न्हाई, मॅडम.”

“छान. भुकेली असली तरच माझ्या हाताकडं बघेल.” तिच्या कमरेच्या पिशवीत उकडलेल्या कलेजीचे तुकडे होते.

त्याचे वडील, दगडोबा, मांडवामागं पाण्याच्या टँकरच्या सावलीत बसले होते. शिरूरपासून दौंडपर्यंत त्यांनी हरणीचं डोकं मांडीवरून हलू दिलं नव्हतं. विनोदनं वडापावचा पुडा पुढं केला.

त्यांनी हात लावला नाही. “हरणीचं झालं का?”

“झालं की, आबा. रात्री पोटभर जेवली. सकाळी दूध बी प्याली.”

रात्रीची दूध-भाकरी त्यानं म्हशीच्या घमेल्यात ओतली होती. सकाळचं दूधही.

“मग दे.” दगडोबांनी पुडा सोडला. “आन् मी रिंगणाजवळ आलो तर काय पोलीस धरत्यात व्हय?”

“मॅडमचा नियम हाय.”

“बरं बाबा. त्या बाईला म्हणावं, लेक हाय माझी. जरा जपून पळव.”

ते हसत दुसरा वडा खाऊ लागले. विनोद तिथून निघाला.

रिंगमध्ये हरणी समृद्धीच्या मुठीला नाक लावून पळाली. थांबवली तिथं थांबली, समृद्धीला आपले पाय हवे तसे ठेवू दिले. एरवी परक्याला अंगाला हात लावू न देणारी कुत्री. परीक्षकांनी जबडा उघडून दात पाहिले, तरी तिची नजर मुठीवरच. त्यांनी तिच्या बरगड्यांवरून हात फिरवला.

“बांधा म्हणजे असा पाहिजे,” ते म्हणाले.

पहिला नंबर पुकारला तसे दगडोबा धावत आले. आता त्यांना कोणी अडवलं नाही. हरणीनं दोन्ही पाय त्यांच्या छातीवर टाकले. त्यांनी खिशातून रुमालात बांधलेली चतकोर भाकरी काढली. गाठ सोडायच्या आधीच हरणीनं ती रुमालासकट ओढली. दातांत त्यांचं बोट आलं. भाकरी संपल्यावर ती मातीतला चुरा चाटू लागली.

दगडोबांनी खाली बसून तिच्या पोटाखाली हात घातला. बराच वेळ हात तिथंच राहिला.

“इनोद, ही कवा जेवलीय?”



“एका दिवसानं काही होत नाही, काका,” समृद्धी म्हणाली. तिच्या आवाजात लपवाछपवी नव्हती. “शोच्या आधी सगळेच ठेवतात. आता द्या तुम्हाला हवं ते.”

दगडोबांनी तिच्याकडं पाहिलंही नाही.

“दावणीचं जनावर उपाशी ठेवून मी उभ्या जन्मात घास घेतला न्हाई,” ते विनोदला म्हणाले. “दुष्काळात बी न्हाई. आज दोन वडे खाल्ले. तुझ्या हातनं.”

ते उठले आणि टँकरकडं गेले. नळ सोडून त्यांनी चूळ भरली. मग पुन्हा भरली. मग आणखी एकदा. हरणी त्यांच्या मागं जायला ओढ घेत होती. समृद्धीनं तिला सफाईनं वळवून फोटोसाठी उभी केली आणि विनोदच्या हातात बक्षिसाचा कप दिला.

नळ अजून वाहत होता.

“मालक, इकडं बघा की,” फोटोवाला ओरडला. “कुत्रं कसं सरळ बघतंय. तुमीच खाली बघताय!”