अर्धी चादर

भवानी पेठेतल्या हातमागावर भूमय्या विणता विणताच गेले. “हातातलं कापड पुरं झाल्याबिगर विणकरानं उठू नये,” असं ते म्हणायचे. चादर मात्र अर्धीच राहिली.

पुढं मुलानं, अंबादासनं, तो माग पर्यटकांसाठी खुला केला. पाहुणे चार-दोन धागे विणतात, फोटो काढतात. संध्याकाळी सून रेणुका ते धागे उसवते. चादर पुरी झाली तर उद्या दाखवायचं काय?

उसवताना मागाखालच्या खड्ड्यात पाय सोडून पावडी दाबावी लागते. मग उभे धागे फाकतात, आडवा धागा अलगद निघतो.

हल्ली रेणुकानं पाय सोडायच्या आधीच पावडी खाली जायची. ती मान खाली घालून धागे ओढायची. भिंतीवरच्या सासऱ्यांच्या फोटोकडं बघायची तिला लाज वाटायची.

आज तिला राहवलं नाही. “मी न्हाय उसवणार.”

“उद्या लक्झरी येणार हाय की! उसव गुमान,” म्हणत अंबादास बाहेर गेला.

ती मागापासून लांबच उभी राहिली. “मामा, चुकलं आमचं. उद्या तुमची चादर पुरी करते.”

पावडी खाली गेली. धागे फाकले आणि रोजच्यासारखे, उसवणाऱ्या तिच्या हातासाठी उघडेच राहिले.