हरभऱ्याएवढा खडा

सकाळपासून तिघंही गैमाच्या शेपटीखाली बघत बसले होते. गैमा म्हणजे घानिमची बहिरी ससाण्याची मादी. मुलगी बघायला आलेले पाहुणेही इतकं निरखून बघत नाहीत.

शिकारीआधी भूक खवळावी म्हणून घानिमनं काल तिच्या घशात नवसागराचा खडा घातला. द्यायचा असतो मसुराएवढा. पठ्ठ्यानं दिला हरभऱ्याएवढा. रात्रभर ओकून आता ती मान टाकून बसली होती आणि खाली वाळूवर पडत होतं नुसतं हिरवट पाणी. पांढऱ्याचा पत्ता नव्हता.

"पक्षी मोठा, म्हणून खडा मोठा घेतला," घानिम म्हणाला.

"पाहुणा मोठा आला तर कॉफीत वेलचीचं पोतं ओततोस का?" ससाणे पाळण्यात म्हातारे झालेले मुसल्लमकाका नळीनं गैमाच्या पोटात पाणी सोडत म्हणाले.

पक्ष्यांचा दवाखाना तीन तासांवर होता. गाडीचे इतके धक्के तिला सोसले नसते. फोनवर डॉक्टरीणबाईंनीही पाणीच सांगितलं होतं.

"काका, एखादं औषध देऊ या का?"

"तुझं औषध बघितलं आम्ही," घानिमची बायको अफ्रा म्हणाली.

"गप बसा दोघं. पाठीच्या हाडाला चिकटून किडन्या आहेत हिच्या, बोटाच्या पेराएवढ्या. त्यांना काम करू द्या. आपण तांब्याभर मुतावं तेव्हा कुठं रक्त साफ होतं. ही पाणी आत वळवून घेते आणि विष तेवढं चुन्यासारखं पांढरं करून बाहेर टाकते. या वाळूत राहायचं तर असं राहावं. साठ वर्षं बघतोय, मन भरत नाही."

घानिमचे डोळे भरून आले. "मीच मारली हिला."

काकांनी नळी धुतली आणि पुन्हा पाणी भरलं.

दुपारच्या नमाजानंतर गैमानं अंग फुगवलं, पिसं झटकली, शेपूट उचलली. पिचकारी थेट भिंतीवर गेली. मध्ये हिरवा ठिपका, बाकी सगळी दाट, पांढरीशुभ्र.

"पांढरं आहे हो," अफ्रा हळूच म्हणाली. घानिम तोंड झाकून रडायला लागला.

गुडघ्यांमुळे मुसल्लमकाका गेल्या ईदला मोठमोठ्या पाहुण्यांसाठीही उठले नव्हते. आता भिंतीला धरून ते उभे राहिले, डोक्यावरचा रुमाल नीट केला आणि गैमासमोर छातीवर हात ठेवून मान लववली.