वीसपैकी शून्य

"चौकात हिरवा दिवा लागलाय, पण पुढे गाड्या अडकून उभ्या आहेत. काय करायचं?" सुनेने पुस्तिकेतून वाचलं.

"हॉर्न वाजवायचा," मटार सोलता सोलता सासूबाई म्हणाल्या.

"चूक, आई. चौक मोकळा होईपर्यंत अलीकडेच थांबायचं."

"का बरं? दिवा तर हिरवा आहे ना?"

"असला म्हणून काय झालं? आपण मधोमध जाऊन अडकलो, तर आडव्या रस्त्यावरची रुग्णवाहिका जाणार कुठून?"

"खरंच की गं," सासूबाईंनी मान डोलावली. "पुढचा विचार."

अंगणात ताडपत्रीखाली मुलाची गाडी उभी होती. मुलगा जहाजावर कामाला. त्याने कळवलं होतं की महिनाअखेरपर्यंत घरात कुणी परवाना काढला नाही, तर गाडी विकून टाकू, उगाच गंजतेय. शेवटी लिहिलं होतं, 'आई म्हणेल तसं करा.'

आणि आई म्हणाली, "मी देते परीक्षा."

एकोणसत्तराव्या वर्षी! सून आधी हसली. मग सासूबाईंनी खरोखरच पुस्तिका आणून पुढ्यात ठेवली.

"आणि तुमचा डावा गुडघा? क्लच कोण दाबणार?"

"लेखी परीक्षेला गुडघा लागत नाही."

सुनेने स्वतः परीक्षा देण्याचा प्रश्नच नव्हता. लग्नाआधी ती एकदा बसली होती आणि नापास झाली होती. तिचा भाऊ अजूनही चार माणसं जमली की तो किस्सा रंगवून सांगे. तेव्हापासून गाडी हा विषय तिने मिटवून टाकला होता. ती परिचारिका होती, दोन बस बदलून इस्पितळात जायची. तिथल्या फलकावर नव्या जागेची जाहिरात लागली होती. घरोघरी जाऊन आजाऱ्यांची मलमपट्टी करायची, फक्त दिवसपाळी. खाली लिहिलं होतं, गाडी चालवता येणं आवश्यक. तिने ते तीनदा वाचलं आणि घरी आल्यावर भांडी पुसताना सासूबाईंना सहज सांगितलं. विषय तिथेच संपला.

तीन आठवडे अभ्यास चालला. सासूबाईंच्या डोक्यात काही म्हणजे काही शिरेना. गोल चौक समजावताना सुनेने जेवणाच्या टेबलावर सगळा रस्ताच मांडला. "हे मिठाचं भांडं म्हणजे आपण. ही किटली म्हणजे बस. आता आधी कोण जाणार?"

"किटली. ती गरम आहे."

"आई!"

अर्ज भरायच्या दिवशी सासूबाई म्हणाल्या, "इथे सही कर गं, सोबत येणाऱ्याचीही लागते." फोटोच्या दुकानात म्हणाल्या, "एकटी बसले की माझे डोळे मिटतात. तूही काढून घे एक." सुनेने सही केली, फोटोही काढला. हट्टी माणसाशी कोण वाद घालणार?

बसमध्ये सासूबाई खिडकीशी बसत. उभी हयात त्यांनी इस्पितळांच्या चादरी धुणाऱ्या लाँड्रीत काढली होती, त्यामुळे गावातलं प्रत्येक इस्पितळ त्यांना ठाऊक होतं. "याचं मागचं दार फार अरुंद. आणि त्या पलीकडच्याचा चढ जीव काढतो बघ." बस अचानक थांबली की त्यांचा उजवा पाय जमिनीवर घट्ट दाबला जाई. गुडघा दुखत असेल, असं सुनेला वाटे.

परीक्षेच्या आदल्या दिवशी दुपारी सुनेने सराव घेतला. तेव्हा या परीक्षा कागदावरच होत. प्रत्येक प्रश्नाला तीन उत्तरं, बरोबर असेल त्याच्यापुढचा गोल पेन्सिलीने काळा करायचा. सुनेने कागद दोनदा तपासला. वीसपैकी शून्य.

"आई, डोळे मिटून खुणा केल्या असत्या तरी पाच-सहा बरोबर आल्या असत्या!"

"माझं नशीबच तसलं."

सून पुन्हा शेजारी बसली. वीसच्या वीस प्रश्न तिने पहिल्यापासून समजावले. पुस्तिका शेजारीच होती, ती तिला एकदाही उघडावी लागली नाही.

"शिकाऊ चालकाच्या शेजारी कोण हवं? तुम्ही खूण केलीय, कुणीही. असं नसतं. पक्का परवाना असलेलं माणूस लागतं."

"ते कुठून आणायचं?"

"नंतर बघू. आधी पास तर व्हा."

दुसऱ्या दिवशी परवाना कार्यालयात कपाळावर चष्मा चढवलेल्या कारकुनाने नंबर पुकारला. सासूबाई बाकावरून हलल्या नाहीत.

"उठा ना, आई."

"नंबर माझा नाही."

कारकुनाने अर्ज फिरवून पुढे केला. फोटो सुनेचा होता. खाली सही सुनेची होती.

तिच्या तोंडचं पाणीच पळालं. "आई, हे काय केलंत? मला नाही जमणार!"

"दिवा हिरवा आहे आणि चौकही मोकळा आहे," सासूबाई शांतपणे म्हणाल्या. "आता थांबायचं नसतं."

"आणि नापास झाले तर?"

"तर तुझ्या भावाला मी माझे मार्क सांगेन."

रडू आणि हसू एकदमच आलं. सुनेने पेन्सिल उचलली आणि ती आत गेली.

अर्ध्या तासाने कारकुनाने कागद तपासला. वीसपैकी एकोणीस. त्याने शिक्का मारला.

"शिकाऊ परवाना मिळाला. पण एकटीने गाडी काढायची नाही. शेजारी पक्का परवाना असलेलं माणूस पाहिजे. घरात आहे कुणी?"

सुनेचा चेहरा उतरला. "नाही हो. नवरा जहाजावर असतो, आणि घरी आम्ही दोघीच..."

सासूबाईंनी पर्स उघडली. रुमालात गुंडाळलेला, कोपरे झिजलेला एक परवाना त्यांनी टेबलावर ठेवला. कारकुनाने चष्मा कपाळावरून खाली ओढला, नूतनीकरणाचा या वर्षीचा शिक्का पाहिला आणि पहिलं पान मोठ्याने वाचलं, "व्यावसायिक चालक, लाँड्रीची मालवाहू गाडी." त्याखालची तारीख सुनेच्या जन्माआधीची होती.