राव्याच्या पाठीवरची अबोली

दिवाळीच्या पाडव्याला सकाळी देवळापुढच्या उतारावर शर्यतीची लांब फळी मांडली, तेव्हा वीतभर लांबीची लाकडी गाडी एकच आली होती. रुक्मिणीकाकूंची, लाल.

"बाकीचे खंय गेले रे?"

"येतले कित्याक, गे काकी?" शेजारचा भिकाजी हसला. "दर वर्षी तूच जिंकतंस. आमी काय टाळ्यो वाजवक येवचा?"

काकूंनी रिकाम्या फळीकडे पाहिलं. गाड्या कोरायचं वेड आळीला त्यांनीच लावलं होतं. आता ही फळी कुणाच्या तरी माळ्यावर पडणार, आणि आळी सारं विसरणार.

त्यांनी गाडी उलटी केली आणि इतकी वर्षं जपलेलं गुपित उघडं केलं. "बघा. लोखंडाचो तुकडो मागच्या चाकांकडे बसवतंय. चाकांच्या आसाक तेल नको, पेन्सिलीची भुकटी चोळा."

मग घराघरांतून पटाशी वाजू लागली. पांगाऱ्याच्या लाकडाचा भुसा मोहोरासारखा अंगणांत झडला. तुळशीच्या लग्नादिवशी फळीशी दाटी झाली: कुणाची गाडी हळदीसारखी पिवळी, कुणाची राव्यासारखी पोपटी हिरवी.

गाड्या सुटल्या. लाल मागे पडली.

"हरलंस गे काकी!" आळी ओरडली.

काकूंना ऐकूच आलं नाही. आजवर त्यांची नजर आपल्या गाडीवरून कधी हललीच नव्हती. आज ती पुढे धावणाऱ्या त्या हिरव्या राव्यामागे गेली. त्याच्या पाठीवर कुणीतरी अबोलीची नाजूक फुलं काढली होती.

"कोणाची रे ही?"

"माझी," भिकाजी लाजला.

"परत सोड बघूया. माका नीट बघूक होयी."